दापोलीला जाताना भिवंडीत चार रात्री

भिवंडीला चार रात्री राहून आलो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, तिकडे कोणाचं लग्न होतं का. नव्हतं. मग विचारतात, कापडाचं काही काम होतं का. तेही नव्हतं. आम्ही सुट्टीला गेलो होतो, असं मी सांगते, आणि मग पुढचं कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी भिवंडी फक्त बायपासवरून पाहिली आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी, त्यांच्या उपयोगी पडेल.

खरं तर जायचं होतं दापोलीला. नाशिकच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. कोकणचा किनारा फळ्यावर इतक्या वेळा काढला की डोळे मिटून काढता येईल, पण हर्णैच्या बंदरावर मी कधी उभी राहिले नव्हते. आमच्याकडे सहली ठरवण्याची एक पद्धत होती. मी सुचवायचं आणि सुधाकरनी अडचणी सांगायच्या. सुधाकर म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झाले, तेव्हा अडचणी त्यांना विषयवार सापडतात. या वेळी मात्र मी खोली आधी ठरवली, पैसे भरले आणि मग सांगितलं. संक्रांत झाली की निघायचं. बरोबर तिळगुळाचा मोठा डबा घेतला होता, दापोलीला ज्यांच्याकडे उतरणार त्यांच्यासाठी.

गाडीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. तीन वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा कुरकुरायला लागला आणि डॉक्टरांनी क्लच दाबू नका म्हणून सांगितलं. तेव्हा स्वतःचे गिअर स्वतःच टाकणारी गाडी आम्ही घेतली, आणि ती माझ्या नावावर घेतली. "हिच्यासाठीच घेतली," असं सुधाकर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. या तीन वर्षांत मी ती चार वेळा चालवली. चारही वेळा भाजीबाजारापर्यंत, आणि चारही वेळा ते शेजारी बसून.

वॉरंटी तीन वर्षांची होती. ती वाढवून घ्या म्हणून शोरूमवाला मागे लागला होता. सुधाकरनी त्याची पुस्तिका दोन संध्याकाळी बसून वाचली आणि निकाल दिला की जे लोक गाडीची काळजी घेत नाहीत त्यांच्यासाठी ही योजना आहे. वॉरंटी एका बुधवारी संपली. गिअरबॉक्स त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी गेला. मध्ये अकरा दिवस.

राहनाळ, रविवार

कसारा घाट उतरताना गाडीनं दोन हिसके दिले. सुधाकर म्हणाले, घाटात होतं असं. पडघ्याच्या पुढे सरळ सपाट रस्त्यावर तिसरा हिसका बसला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. भिवंडीजवळ महामार्ग तुंबला होता, म्हणून फोननं आतला रस्ता सुचवला, आणि आम्ही गोडाऊनांच्या मुलखात शिरलो.

हा मुलूख पाहण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी, एकेक आमच्या शाळेच्या मैदानाएवढी लांब. मध्ये रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं ट्रेलर उभे. ट्रेलरच्या सावलीत ड्रायव्हर स्टोव्हवर डाळ शिजवत होते, आरशांना बनियनी वाळत घातल्या होत्या. आपण घरी बसून जे काही मागवतो ते आधी इथे एक मुक्काम करतं, असं म्हणतात. मी हे सुधाकरना सांगत होते, तेवढ्यात मिक्सरमध्ये चमचा पडावा तसा आवाज आला आणि गाडी थांबली. इंजिन चालू होतं. समोर एन हे अक्षर लुकलुकत होतं. एन म्हणजे न्यूट्रल. गाडी तटस्थ झाली होती.

मागे मोठा ट्रेलर होता. त्याचा ड्रायव्हर उतरला आणि आता हा बोलणार म्हणून मी तयारीत राहिले. त्यानं वाकून आत पाहिलं, कुठे जायचंय ते हिंदीत विचारलं आणि दापोली त्याला माहीत नसल्याचं सांगितलं. "अभी तो आप इधर ही हैं," एवढं म्हणून त्यानं आणखी दोघांना हाक मारली. त्यांनी आणि एका वॉचमननं गाडी ढकलत एका गोडाऊनच्या फाटकातून आत आणली.

सुधाकरनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार आदरानं सांगितलं की रस्त्यावरची मदत वॉरंटीबरोबरच संपली आहे. मात्र ती नव्यानं घेता येईल. घेतल्यावर आत्ताच्या बिघाडाला चालेल का, असं यांनी विचारलं. तिनं सांगितलं, नाही सर, यानंतरच्या बिघाडाला.

फाटकाच्या आत एक दुमजली बंगला होता. त्याच्या ओट्यावर पासष्टीच्या एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मालकीणबाई, ताराबाई पाटील. हातातलं सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "उन्हात कशाला उभी हायेस, बाय? आत ये. गाडी काय पलून जात न्हाय आता."

हे खरंच होतं. आम्ही आत गेलो.

ताराबाईंनी जेवायला थांबवलं. थांबा असं म्हणाल्याच नाहीत, सरळ ताटं मांडली. पातळ, पांढरीशुभ्र तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं लाल कालवण आणि खाडीतली कोलंबी. आमच्याकडे भाकरी म्हणजे बाजरीची, आणि ती थापताना आवाज येतो. ताराबाईंच्या सुनेच्या भाकरीचा आवाजच येत नव्हता. मासे खायला मी दापोलीला निघाले होते. ते वाटेतच भेटले, तर तक्रार कशाला करायची म्हणून मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सुधाकरनी एक खाल्ली. त्यांचं लक्ष खिडकीतून गाडीकडे होतं.

जेवण झाल्यावर ताराबाईंनी मला त्यांची जमीन दाखवली. म्हणजे गोडाऊनं दाखवली. पण त्यांना त्या गोडाऊन म्हणत नव्हत्या. एकाला म्हणाल्या आंब्याखालचं, दुसऱ्याला बांधावरचं, आणि खाडीच्या बाजूला होतं ते खाजणातलं. आंबा कुठे दिसत नव्हता. मी विचारलं तेव्हा त्यांनी एका शटरकडे बोट केलं, जिथे टेंपोत टीव्हीची खोकी भरत होते. "तिथं हुता. आमी भात लावताना त्याच्या बुडी पोरं निजवायचो." भाडेकरूंचे मॅनेजर दर वर्षी बदलतात. त्यांना नंबरानं बोललेलं कळतं, म्हणून ताराबाईंचा मुलगा राजेश नंबरानं बोलतो. ताराबाई बोलत नाहीत. वही घेऊन बसावं आणि या गोडाऊनांचा नकाशा काढावा असं मला फार वाटलं.

रविवार असल्यामुळे सर्व्हिस सेंटर बंद होतं. गाडी तिथेच ठेवून राजेशनं आम्हांला कल्याण नाक्याजवळच्या एका लॉजवर सोडलं. तिथे उतरतात ते कापडाचे व्यापारी. मॅनेजरनं रजिस्टर पुढे केलं. येण्याचं कारण या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'धंदा' लिहिलं होतं. मी 'पर्यटन' लिहिलं. मॅनेजरनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं, आणि मग बाल्कनीची खोली दिली. बाल्कनीतून समोरच्या कारखान्याचं छप्पर दिसत होतं. त्याची ती सर्वांत चांगली खोली होती.

कल्याण रस्ता, सोमवार

सकाळी राजेशच्या ओळखीच्या क्रेननं गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे काचेच्या भिंती होत्या, कॉफीचं मशीन होतं, आणि टाय लावलेला एक तरुण होता. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर रोहन असं नाव होतं. तो अतिशय सभ्य होता. आमचं सगळं त्यानं मान हलवत ऐकून घेतलं, दोन तासांनी परत बोलावलं आणि सांगितलं की गिअरबॉक्स बदलावा लागेल.

सुधाकरनी विचारलं, आत नक्की काय मोडलंय?

"सर, ते आम्ही उघडत नाही," रोहन म्हणाला. "आम्ही बदलतो."

अख्खा गिअरबॉक्स हरियाणातून येणार होता. दहा ते पंधरा दिवस लागणार होते. त्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून किंमत दाखवली. त्या आकड्यात दापोलीची सहल आम्ही दर वर्षी म्हातारे होईपर्यंत करू शकलो असतो. वॉरंटी फक्त अकरा दिवसांपूर्वी संपली आहे, असं सुधाकर म्हणाले. रोहनला मनापासून वाईट वाटलं. तो म्हणाला की सिस्टीमला अकरा दिवस आणि अकरा वर्षं सारखीच दिसतात, पण कंपनीकडे सवलतीची विनंती करता येईल. कंपनी काही टक्के भार उचलते, कधी कधी. उत्तराला आठवडा लागतो.

आणि मग सुधाकरनी आपला हुकमी पत्ता काढला. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी आम्ही नाशिकला सर्व्हिसिंग केलं होतं, आणि गाडी हिसके देते ही तक्रार तेव्हाच केली होती. म्हणजे बिघाड वॉरंटीतलाच. रोहननं ती नोंद उघडली आणि वाचून दाखवली. तेल बदललं, फिल्टर बदलला, गाडी धुतली. ग्राहकाची तक्रार: नाही. ग्राहक समाधानी.

मला तो दिवस आठवत होता. नाशिकच्या माणसानं हसून सांगितलं होतं की ऑटोमॅटिकमध्ये एवढं चालतंच, काका. आणि यांनी मान हलवली होती. ज्या माणसानं बत्तीस वर्षं दुसऱ्यांना 'लेखी द्या' म्हणून परत पाठवलं, त्यानं आयुष्यात एकदाच तोंडी तक्रार केली होती.

विनंतीचा अर्ज छापून आला. रोहननं तो यांच्यापुढे ठेवला, यांनी सवयीनं सही केली, आणि संगणकानं ती नाकारली. गाडी दुसऱ्याच्या नावावर होती. रोहननं कागद नवा छापला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. सही करून झाल्यावर मी त्याला डब्यातला तिळगूळ दिला. गोड बोला असं म्हटलं नाही. तो सकाळपासून गोडच बोलत होता.

संध्याकाळी लॉजवर सुधाकर बॅग भरायला लागले. उद्याच्या एसटीनं नाशिकला परत जाऊ, म्हणाले. गाडी झाली की फोन येईल, मग ते एकटे येऊन घेऊन जातील.

"आणि दापोली?" मी विचारलं.

"दापोली कुठे जातेय?"

"दापोली नाही जात. मी येत्या जूनमध्ये साठ वर्षांची होतेय."

ते बॅगेत शर्ट रचत राहिले. मला माहीत होतं, एकदा घरी गेलो की ही सहल अडचणींच्या फायलीत जाईल आणि यापुढे मी काहीही सुचवलं की पुरावा म्हणून बाहेर निघेल. मी पलंगावर बसले आणि म्हटलं, "तुम्ही जा. मी थांबते."

"कुठे?"

"इथेच. भिवंडीत. माझी सुट्टी कालपासून सुरू झालीय."

मी थट्टा करतेय का ते त्यांनी पाहून घेतलं. मी थट्टा करत नव्हते. बऱ्याच वेळानं ते खुर्चीवर बसले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी लिहून घ्यायला हवं होतं गं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते गिअरबॉक्सपासून पळत नव्हते. त्यांना त्या नोंदीपासून लांब जायचं होतं. मी त्यांच्या हातातला शर्ट घेतला आणि परत खुंटीला लावला. मग खाली जाऊन चहा प्यायलो.

शेलार, मंगळवार

ताराबाईंना तिळगूळ द्यायचा राहिला होता, म्हणून सकाळी रिक्षानं राहनाळला गेलो. सर्व्हिस सेंटरची हकिगत ऐकून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. उघडून बघितला का? नाही. मग मोडलाय म्हणून कोनी सांगितला?

राजेशचे ट्रक शेलारचे मिलिंद साळवे दुरुस्त करतात, त्यांना विचारून बघा, असं ताराबाईंनी सुचवलं. राजेशनं फोन केला आणि आम्ही वाडा रस्त्यावर शेलारला पोचलो. मिलिंद साळवे पन्नाशीचे, चष्मा लावणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. गॅरेज स्वच्छ होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर हत्यारं मापानुसार लावलेली, आणि एक लॅपटॉप, त्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकलेला. ते मुळात शेलारचेच. आयटीआय करून एका मोठ्या गाडी कंपनीच्या कारखान्यात बारा वर्षं गिअरबॉक्सच्या जोडणीवर होते. म्हणजे त्यांनी जोडलेले गिअरबॉक्स रोहनसारखे लोक न उघडता बदलत असणार.

त्यांनी आवाज कसा आला ते विचारलं. मी मिक्सर आणि चमचा सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. बेअरिंग असू शकेल, म्हणाले. पण पुढचं त्यांनी आम्हांला समोर बसवून सांगितलं.

"बाई, मी उघडला तर कंपनी तुमचा अर्ज ऐकणार नाही. आणि उघडल्याशिवाय आत काय हाय ते मला सांगता येत नाही. गिअरचे दात गेले असतील तर मी पण हात वर करीन. मग तुमचं इकडचं पण गेलं आणि तिकडचं पण."

सुधाकर लगेच म्हणाले की हे बरोबर आहे, आपण उत्तराची वाट पाहू. त्यांचं चूक नव्हतं. अर्ज केला आहे, तर निकाल येईपर्यंत थांबायचं, याच पद्धतीवर त्यांची नोकरी झाली होती. मी मिलिंदरावांना विचारलं, त्यांची स्वतःची गाडी असती तर त्यांनी काय केलं असतं.

"माझी असती तर मी रविवारीच उघडली असती," ते म्हणाले. "पण गाडी माझी नाही. कोणाच्या नावावर हाय?"

सुधाकरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या. उघडा."

मी हे फार धीरानं म्हटलं असं वाचकांना वाटू नये. सर्व्हिस सेंटरला अर्ज मागे घेतल्याच्या कागदावर सही करताना संगणकानं ही सहीसुद्धा नाकारावी असं मला मनातून वाटत होतं. रोहन मात्र हळहळला. मॅडम, बाहेर उघडला की आमच्याकडे कायमचं बंद, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. दुपारपर्यंत गाडी क्रेनला लटकून शेलारला आली.

गिअरबॉक्स खाली उतरवायला संध्याकाळचे पाच वाजले. मिलिंदरावांनी तो फळीवर ठेवला, तेल परातीत काढलं आणि परात उन्हात तिरकी धरली. तेलात चांदीच्या वर्खासारखं काहीतरी चमकत होतं. सुधाकर बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी आतच थांबले. मिलिंदराव एकेक दातेरी चाक हातात घेऊन बोटानं गोल फिरवत, दात मोजल्यासारखे तपासत, पुसून कापडावर ठेवत होते. सगळी झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"दात शाबूत हायेत," ते म्हणाले. "बेअरिंग फुटलंय. आणि ते बसतं ती जागा झिजलीय."

मी बाहेर जाऊन सुधाकरना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी दिलंय का?" आणि मग स्वतःच हसले. त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच.

नारपोली, बुधवार

बेअरिंगवर नंबर असतो आणि नंबर असला की ते बाजारात मिळतं, हे मला नवीन होतं. भिवंडीत तर फारच सोपं, कारण मागाच्या यंत्रांनाही बेअरिंगं लागतात. मिळालं ते नारपोलीच्या एका दुकानात. झिजलेल्या जागेवर बसवायला मात्र एक पोलादी कडी कातून घ्यायची होती. ती जिथे करायची तिथे मीही येते, असं मी म्हटलं. मिलिंदरावांना त्यात विचित्र काही वाटलं नाही. सुधाकरही आले.

'भिवंडी हे शहर ______ साठी प्रसिद्ध आहे.' ही रिकामी जागा मी मुलांकडून एकतीस वर्षं भरून घेतली. यंत्रमाग लिहिलं की एक गुण. यंत्रमाग कानानं आधी कळतात, हे मला माहीत नव्हतं. गल्लीत शिरलो आणि जमीन हलल्यासारखी वाटायला लागली. घर, त्याला लागून माग, त्याला लागून घर. एका खिडकीत बाई मेथी निवडत होती आणि शेजारच्या खिडकीत आठ माग खडाखड चालत होते. उघड्या दारातून दोन कामगार दिसले. एकमेकांशी बोलत होते, पण आवाज करत नव्हते. ओठ आणि बोटं हलत होती. मिलिंदराव म्हणाले, शिफ्टमध्ये असंच बोलतात, घरी गेल्यावर मोठ्यानं बोलतात. मी चुकून त्यांच्याकडे पाहून हसले, तर त्यांतल्या एकानं बोटांनी विचारलं, काय पाहिजे? मी बोटांनीच सांगितलं, काही नाही. मला वाटतं, ते त्याला कळलं.

कातारी हनीफभाई साठीचे होते. त्यांच्या लेथवर मागाचे सुटे भाग करतात. फुटकं बेअरिंग आणि झिजलेली जागा पाहून त्यांनी विचारलं, ये कौन से लूम का है? गाडीचं आहे कळल्यावर त्यांची उत्सुकता थोडी कमी झाली. पण माप त्यांनी चार वेळा घेतलं. सुधाकर न राहवून म्हणाले की हे मूळ कंपनीच्या मापाला उतरेल का. हनीफभाईंनी मापपट्टी त्यांच्याच हातात दिली.

"आप पढ़ो. जो पढ़ोगे, वही काटूँगा."

मग सुधाकरनी चष्मा सारखा करून आकडा वाचला. हनीफभाईंनी तो त्यांना खडूनं फळीवर लिहायला लावला, आणि काम सुरू केलं. मी यांना इतकं मन लावून काही करताना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. कडी होईपर्यंत ते लेथपासून हलले नाहीत. दर थोड्या वेळानं माप घेत होते आणि फळीवर लिहीत होते. फळीवर पुष्कळ आकडे झाले. चहा आला, नानखटाई आली. मी हनीफभाईंना तिळगूळ दिला तेव्हा त्यांनी हात पुसून दोन्ही हातांनी घेतला, आणि हा सण कशाचा ते विचारलं. सूर्य बाजू बदलतो त्याचा, असं मी सांगितलं. मग मी फळीच्या कोपऱ्यात पृथ्वी काढून तिचं कलणं समजावलं. त्यांनी लेथ बंद ठेवून सगळं ऐकून घेतलं. एकतीस वर्षांत इतका शांत वर्ग मला मिळाला नव्हता.

गुरुवार

सकाळी शेलारला गेलो तेव्हा गिअरबॉक्स जागेवर बसला होता आणि मिलिंदरावांनी लॅपटॉपवरचा रुमाल काढला होता. गाडीला तिचे गिअर पुन्हा शिकवावे लागतात, म्हणाले. पाऊण तास गाडी जागच्या जागी टकटक करत शिकत होती. मग एन जाऊन तिथे एक आकडा आला, आणि स्थिर राहिला.

मिलिंदरावांनी किल्ली पुढे केली आणि म्हणाले, मालकांनी चालवून बघावी. सुधाकर पुढे झाले, थांबले, आणि मागे सरकले. त्यांना रविवारपासून प्रत्येक गाडीतून तो चमच्याचा आवाज ऐकू येत होता. "तू बघ," ते म्हणाले. "मला आता हिचा भरवसा वाटत नाही."

मला तरी कुठे वाटत होता? वाडा रस्त्यावर मी गाडी काढली तेव्हा समोरून रेतीचा डंपर येत होता आणि मागे टेंपो हॉर्न वाजवत होता. मिलिंदराव शेजारी बसून कान देत होते. दुसरा गिअर पडला तो मला कळला. तिसरा कळलाच नाही. चांगलं चाललंय म्हणजे कळत नाही, असं ते म्हणाले. मी परत वळवून आणली तेव्हा पदर घामानं भिजला होता आणि मला आणखी चालवायची होती.

मजुरी त्यांनी वाजवी घेतली. काम कागदावर लिहूनही दिलं, यांनी न मागता. हनीफभाईंच्या कडीचं मापसुद्धा त्यात होतं. ते वाचून सुधाकरनी त्याची घडी अशी जपून घातली की मला हसू दाबावं लागलं.

राहनाळला ताराबाईंचा निरोप घेतला. त्यांनी सुकट बांधून दिली. किनाऱ्यावर निघालेल्या माणसांना सुकी मासळी कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, तिकडची तिकडं, ही वाटेला. मी स्टिअरिंगवर बसलेली पाहून त्या फाटकापर्यंत आल्या आणि ट्रेलरवाल्यांना हातानं थांबवून मला रस्ता मोकळा करून दिला.

ठाण्यापर्यंत सुधाकर उजवा पाय खाली दाबत होते, जणू त्यांच्या बाजूलाही ब्रेक असावा. मुंब्र्याच्या पुढे तो पाय सैल पडला. पनवेल मागे पडलं तेव्हा ते सुकटीच्या पुडीचा वास घेत होते, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. त्यांनी उचलून स्पीकरवर घेतला.

रोहन होता. फार आनंदात होता. म्हणाला, अभिनंदन मॅडम, आपला सोमवारचा अर्ज वरून मंजूर झाला आहे. मागे घेतल्याची नोंद बहुतेक अजून वर पोचली नव्हती. कंपनी तीस टक्के भार उचलेल. फक्त गाडी सात दिवसांत आणायची आणि गिअरबॉक्स न उघडलेला असायला हवा.

पुढे ट्रक होता आणि मला त्याला ओलांडायचं होतं. सुधाकरनी फोन तोंडाजवळ धरला. मग रेकॉर्ड विभागातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मालकीणबाई गाडी चालवतायत. तुमचं जे काय असेल ते लेखी पाठवा."

आणि मला म्हणाले, "घे पुढे. मोकळं आहे."